जॉबरआप्पांच्या एकोणतीस गाड्या

आप्पांच्या खोलीत शिरलं की आधी वास यायचा. गोडसर, पेट्रोलच्या जातीचा, पण पेट्रोलपेक्षा मऊ. पहिल्यांदा आलेला माणूस दोनदा श्वास ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "चांगला आहे हो वास, कसला?" तो वास मी माझ्या हाताने त्यांच्या घरात नेला होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी आप्पांचं कितीही कौतुक केलं, तरी वाचणाऱ्याने माझ्याविषयी भलता समज करून घेऊ नये.

आप्पा म्हणजे सुकलाल देवचंद पाटील. राहणारे शिंदखेड्याकडचे, पोटासाठी सुरतेत. उधन्याला एका शेडमध्ये ते जॉबर होते. लूम अडला, धोटा भलतीकडे उडायला लागला, कापडात पट्टे पडायला लागले की ज्याला हाक मारतात तो जॉबर. शेडच्या मागेच भिंतीला भिंत लागून आठ खोल्यांची ओळ होती. तिसरी खोली आप्पांची, चौथी माझी. मी परभणीचा, सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचो. आप्पांनी सहा वर्षांत मला एकदाही नावाने हाक मारली नाही. "काय परभणीवाले" म्हणायचे. मी काही उत्तर देईपर्यंत पुढे निघून गेलेले असायचे.

दिसायला काहीच नव्हते. बुटके, वाळके, कानांवर केस. पाळी संपवून आले की भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळीवर रुईचा पांढरा थर असायचा. पण तसे ते घरात कधी शिरले नाहीत. दाराबाहेर उभे राहून टॉवेलने स्वतःला झोडपायचे, मग ओल्या फडक्याने कोपरापर्यंत हात पुसायचे, मग सदरा बदलायचे. आमच्या ओळीतल्या बायकांना आधी वाटलं, माणूस फार सोवळ्याचा आहे. सोवळं होतं, पण देवाचं नव्हतं. आतल्या छोट्या खोलीत जुन्या शिलाई मशीनच्या स्टँडवर फळी टाकून त्यांनी टेबल केलं होतं आणि त्या टेबलावर त्यांच्या मोटारी बनायच्या.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता. "सुकू द्या." नळावर भांडण झालं, दोन्हीकडच्या बायका न्याय मागायला आल्या, की आप्पा म्हणणार, सुकू द्या. धाकट्या मेव्हण्याचं लग्न मोडलं, त्यांच्या बायको सिंधूताई रडत बसल्या, आप्पा म्हणाले, सुकू द्या. मालकाने बोनस दिला नाही म्हणून कामगार शेडच्या दारात बसले, तेव्हाही हेच. रंग ओला असताना हात लावला की डाग पडतो, एवढ्या एका अनुभवावर त्या माणसाने सगळा संसार रेटला. गंमत म्हणजे बहुतेक भांडणं खरंच सुकून जायची.

मोटारींचं वेड लागलं ते गुजरीच्या, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात. जहाजं तोडतात तिथून निघालेलं सामान एक म्हातारा फेरीवाला आणून मांडायचा. खलाशांच्या केबिनमधले पंखे, चादरी, घड्याळं, काय वाटेल ते. आप्पा पाना शोधायला गेले होते, मी सहज बरोबर होतो. एका फाटक्या खोक्यावर लांबलचक निळ्या मोटारीचं चित्र होतं, मागे माशासारखे दोन उभे पर. आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शंभरेक बारीक तुकडे. फेरीवाला म्हणाला, खिलौना टूटा हुआ है, ले जाओ. आप्पांनी एक चौकट उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"परभणीवाले," ते हळूच म्हणाले, "हाई तुटेल नही शे. हाई आजून व्हयेलच नही."

तुटलेलं नाही, अजून झालेलंच नाही. ते बरोबर होते. इंजिनाचे दोन अर्धे भाग, सीट, स्टिअरिंग, चकचकीत बंपर, रबरी टायर, सगळं होतं, जोडायचं राहिलं होतं. कोण्या देशाच्या खलाशाने ते बोटीवर वेळ घालवायला घेतलं असणार आणि त्याचा वेळ आधीच संपला असणार. आप्पांनी पाना घेतलाच नाही.

आत एक कागद होता, इंग्रजीत. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकृती वाचता यायची. जन्मभर लूम उघडून जोडणाऱ्याला कोणता तुकडा कशात बसतो हे सांगावं लागत नाही. अर्धं ब्लेड, नेलकटर आणि लूमच्या फणीतून सुताची तार ओढायची चपटी पट्टी एवढ्या हत्यारांवर त्यांनी तुकडे कापले, घासले, बसवून बघितले. अडलं ते चिकटवायला. खोक्यातली गोंदाची ट्यूब कधीच दगड झाली होती. बाजारातले सगळे गोंद वापरून झाले. चिकटायचं आणि दोन दिवसांनी सुटायचं. आप्पा उदास झाले. तेव्हा शहाणपण सुचलं ते मला.

मी म्हणालो, "आप्पा, हे प्लास्टिक विरघळलं पाहिजे. दोन्ही कडा विरघळल्या की एक होतात. आमच्याकडं ड्रम आहे तसल्या मालाचा."

दुसऱ्या दिवशी टॉनिकची एक रिकामी बाटली धुऊन घेतली, स्टोअरमधल्या ड्रममधून भरली आणि टिफिनच्या पिशवीत घालून गेटबाहेर आणली. वॉचमन ओळखीचा होता. ते बेंझिन होतं. आप्पांनी त्यात चौकटीचे उरलेले तुकडे टाकले, रात्रभरात काकवीसारखा रस झाला. बारीक ब्रशने तो सांध्यावर लावला, दाबून धरला, आणि सांधा असा बसला की नखाला लागेना. आप्पांनी मला हात जोडले. मला त्या दिवशी फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं, हे मला अजून आठवतं आणि आठवलं की लाज वाटते.

आणखी एक गोष्ट मीच शिकवली. आमच्या कंपनीत त्या ड्रमवर काम करणाऱ्याला रोज गुळाचा खडा मिळायचा. गुळाने छाती साफ होते, केमिकल बाधत नाही, असं सगळे धरून चालायचे. लूमवालेही रुईसाठी गूळ खातातच, तेव्हा आप्पांना ते पटवावं लागलं नाही. टेबलावर पितळी डबीत गूळ ठेवलेला असायचा. बसताना एक खडा, उठताना एक खडा. मधे ब्रश धुवायचे तेही बेंझिननेच, बोटांवरचा रंग काढायचा तोही त्यानेच. रंगसुद्धा त्यातच पातळ करून डास मारायच्या फ्लिटच्या पंपाने उडवायचे. पंपाच्या तोंडाला त्यांनी स्वतः घासून बनवलेली पितळेची नळी होती. महिन्याला एक बाटली मी आणून द्यायचो. माझं कारण विचाराल तर शेजारधर्म.

सिंधूताईंना तो वास आवडला नाही. एकट्या त्यांनाच. त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "भाऊ, माले त्या वासनं डोकं दुखस. यास्ले सांगा ना, खिडकी उघाडी बठा." मी आप्पांना सांगायचो. आप्पा शेडच्या बाजूला बोट दाखवायचे.

खिडकीची अडचण खरी होती. खिडकी उघडायची शेडच्या पंख्यांसमोर. उघडली की दहा मिनिटांत रुई आत. ओल्या रंगावर एक तंतू बसला की आप्पांची आठवड्याची मेहनत गेली. लाल, पिवळ्या, निळ्या रंगात थोडं खपून जातं. काळ्यात खपत नाही. आप्पांना एक गाडी पूर्ण काळी, आरशासारखी करायची होती. तीन वेळा केली, तीन वेळा खरवडली.

मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला. त्या दिवसांत सुरत कशी रिकामी झाली ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. उधना स्टेशनवर माणसं डब्याच्या टपावर चढत होती. मी बायकामुलांना घेऊन परभणीला पळालो. सिंधूताई दोन्ही मुलींना घेऊन शिंदखेड्याला गेल्या. आप्पा गेले नाहीत. तोंडाला रुमाल बांधून दारात उभे होते, म्हणाले, "तुम्ही निघा. मन्ही गाडी ओली शे."

वीस-बावीस दिवसांनी परतलो तर ओळीत सामसूम होती, लूम बंद होते. आप्पांचं दार वाजवलं. त्यांनी उघडलं आणि हाताला धरून आत नेलं. प्लेगच्या भीतीने त्यांनी खिडकीच्या सगळ्या फटींत कापडाच्या पट्ट्या खोचल्या होत्या आणि वरून पार्सलची चिकटपट्टी मारली होती. दाराच्या खालीही गोणपाट. टेबलावर काळी गाडी होती. तिच्या बॉनेटमध्ये मला माझा चेहरा दिसला, दाढी वाढलेला. एक तंतू नव्हता.

"आता समजनं," आप्पा म्हणाले. "हवाच नको."

प्लेग गेला, लोकांनी घरं उघडली, धुतली, चुना मारला. सगळीकडच्या पट्ट्या निघाल्या, आप्पांच्या राहिल्या. मीसुद्धा ती गाडी बघून म्हणालो, राहू द्या आप्पा, काम झकास होतं.

गुजरीतला तो फेरीवाला एव्हाना असली खोकी आप्पांसाठी बाजूला काढून ठेवायचा; पुढच्या हिवाळ्यात त्यानेच कामरेजकडच्या एका गावाचा पत्ता दिला. तिथे एक म्हातारी आहे, तिच्या कपाटात असली खोकी आहेत म्हणे. रविवारी आम्ही दोघं बसने गेलो. गावात निम्म्या घरांना कुलपं, माणसं परदेशात. दुमजली घरात ललिताबा एकट्या राहायच्या. त्यांचा किशोर विलायतेत गेला होता, तिकडेच नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि चाळिशीत छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्या कपड्यांबरोबर अठरा खोकी बोटीने आली होती. वरची पारदर्शक गुंडाळीसुद्धा फाडलेली नव्हती. सगळ्या जुन्या मोटारी, आप्पांच्या आणि किशोरच्या लहानपणच्या काळातल्या.

"आ मारा किशोरनुं छे," बा म्हणाल्या. "एणे खोल्युं ज नथी. लई जाव, पण बनावीने मने बतावजो."

न्या, पण बनवून मला दाखवा. आप्पांनी अठरा खोक्यांकडे बघितलं आणि एकच उचललं. "एक एक करीने, बा," म्हणाले. मी बसमध्ये त्यांना वेड्यात काढलं. म्हातारीचा भरवसा काय, सगळी आणायची होती. आप्पा म्हणाले, "सगळी आणली की घाई होते. आणि तिला कोण भेटाया जाईल मग?"

तेव्हापासून दीड-दोन महिन्यांनी एक गाडी तयार व्हायची, आप्पा ती बुटांच्या खोक्यात कापूस घालून मांडीवर धरून कामरेजला न्यायचे, बा ती हातात घ्यायच्या, चाक बोटाने फिरवून बघायच्या, परत द्यायच्या आणि दुसरं खोकं काढून द्यायच्या. बनलेल्या गाड्या त्या ठेवून घेत नसत. माझ्याकडे धूळ बसेल म्हणायच्या. मी तीन-चार वेळा बरोबर गेलो. दोघं फार बोलत नसत. बा एकदा म्हणाल्या, किशोर म्हातारपणी बसून हेच करणार होता. आप्पा म्हणाले, "करतो ना मी." मला त्यांचा तेव्हा हेवा वाटला. कुणाला तरी आपण इतके लागतो हे माणसाला कुठे रोज कळतं?

डाग पहिल्यांदा बांनी पाहिले. आप्पांनी गाडी पुढे केली तेव्हा सदऱ्याची बाही वर सरकली होती. दंडापासून मनगटापर्यंत निळेकाळे डाग. बांनी विचारलं, भाई, हे काय? आप्पा हसले, म्हणाले लूमचा दांडा लागतो, बा. बांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो, कारण आप्पा जॉबर होते आणि पंचवीस वर्षांत त्यांना दांडा लागलेला मी ऐकला नव्हता.

मग एकेक होत गेलं. राखुंडीने दात घासताना चूळ लाल निघायची, आप्पा म्हणायचे राखुंडी खरबरीत आली आहे. शेडच्या तीन पायऱ्या चढून ते बसायला लागले, म्हणायचे वय झालं. वय पन्नासही नव्हतं. चेहरा असा उतरला की रुईचा थर पुसला तरी पुसल्यासारखा दिसेना. सिंधूताईंनी बीट खाऊ घातलं, खजूर खाऊ घातले, देवाला बोलून झालं. आणि आप्पा रोज गूळ खात होते, तेव्हा छातीची काळजी कुणालाच नव्हती.

त्याच सुमाराला आमच्या कंपनीत ड्रमवरचा ऑपरेटर बिपिन, गंजामकडचा ओडिया, रजेवर गेला. जाण्याआधी तो माझ्याकडे पगाराच्या कागदावर सही करायला आला आणि त्याच्या नाकातून कागदावर रक्ताचा थेंब पडला. त्याने तो बोटाने पुसला, खिशातून गूळ काढून तोंडात टाकला. बिपिन परत आला नाही. मी आमच्या केमिस्टला विचारलं. चांगला माणूस होता, आवाज खाली घेऊन म्हणाला, "उस ड्रम के पास ज्यादा मत बैठना. खून बनना बंद हो जाता है."

मी म्हणालो, "पर गुड़ तो देते हैं."

"गुड़ से क्या होगा? गुड़ तो आदमी को वहाँ बिठाए रखने के लिए है."

मी स्टोअरमध्ये गेलो. ड्रमवर कवटीचं चित्र होतं, पहिल्या दिवसापासून होतं. मी दर महिन्याला त्याच्याशेजारी उभं राहून सही करत होतो.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आप्पांना सगळं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? दारात उभा राहून म्हणालो, "आप्पा, माल संपला कंपनीतला. आता बाटली नाही मिळायची."

आप्पांनी मान वर केली नाही. "काही हरकत नही," म्हणाले. "चार बाटल्या शिल्लक शेत."

टेबलाखाली चार बाटल्या ओळीने होत्या. त्यांनी काटकसर करून साठवल्या होत्या. मी म्हणालो, "खिडकी उघडत जा की जरा. कामून एवढं कोंडून घेता?" आप्पा म्हणाले, "बांच्या पाच राहिल्या. तेवढ्या होऊ द्या, मग खिडकी काय, भिंत उघडतो." मी घरी आलो आणि जेवलो. चोरीचा माल, वॉचमन, नोकरी, दोन मुलं, परभणीला वडील. स्वतःला समजावायला कारणं भरपूर होती. आणि मनात असंही होतं, की बाटल्या संपतील, आपोआप मिटेल. सुकू द्या, असं मीही म्हणायला शिकलो होतो. मार्च महिना होता तो.

सप्टेंबरात आप्पा शेडमध्ये पडले. मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, पाठीच्या खालच्या हाडातून सुईने काहीतरी काढलं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, दिवसातून तीनदा यायच्या. सिंधूताई मला बाहेर गाठून म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टर इचारस, हाई घरमा काय काम करतस म्हनी. मी काय सांगू?" मी आत गेलो. आप्पांनी मला जवळ बसवलं, बायकोला पाणी आणायला धाडलं.

"ऐका," ते म्हणाले. "तिनं मलेही विचारलं. मी म्हटलं, लूम. दुसरं काही नही. केमिकल म्हटलं की पोलिस केस होते, बाजूच्या खाटवाल्याची झाली. मग पोलिस विचारतील, आणलं कोठून."

"आप्पा..."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या घरात दोन पोरं शेत."

म्हणजे त्यांना कळलं होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही. अजूनही कधी विचार येतो, की मार्चमध्ये माल संपला म्हणालो तेव्हाच त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता ओळखलं असेल का.

डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी मला सरळच विचारलं, "आप पड़ोसी हैं ना? घर पे कोई केमिकल, रंग, गोंद, ऐसा कुछ?"

मी म्हणालो, "नहीं मैडम. लूम्स पे काम करते हैं."

आप्पांनी डोळे मिटले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सुटल्यासारखं वाटलं.

नऊ दिवस मी तसाच गेलो. रोज पाळी, रोज दवाखाना. नवव्या दिवशी रक्त कमी पडलं म्हणून नातेवाइकांना बोलावलं, त्यांत मीही रक्त द्यायला झोपलो. सिस्टर फॉर्म भरत होती. कुठे काम करता? केमिकल कंपनी. तब्येतीची काही तक्रार? काही नाही. मी धडधाकट होतो. स्टोअरची खोली उघडी, वारा आरपार, मी महिन्यातून दहा मिनिटं ड्रमजवळ. बाटली भरून मी ते दुसऱ्याच्या बंद खोलीत पोचवत होतो. तिथून उठलो तो डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी गेलो आणि सगळं सांगितलं. बेंझिन, फ्लिटचा पंप, चिकटपट्टी, बाटल्या, किती वर्षं, कुणी आणल्या.

त्यांनी कागदावर लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. मी विचारलं, नऊ दिवस आधी सांगितलं असतं तर? त्या म्हणाल्या, "नौ दिन से कुछ नहीं होता. छह महीने पहले हाथ रुक जाता तो बात अलग थी."

मार्चपासून बोटं मोजली तर सहाच येत होती.

पोलिस आले नाहीत. कोणीच आलं नाही. मी त्या दिवशी घरी जाऊन खिडकीच्या पट्ट्या ओढून काढल्या, उरलेली दीड बाटली लांब नेऊन ओतली. मुलींची तपासणी झाली, त्या ठीक निघाल्या, सिंधूताईंना थोडं औषध लागलं. आप्पांना मी सांगून टाकल्याचं कळलं तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं रागावले. "कसाले सांगं?" म्हणाले आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होते.

दिवाळीच्या आधी आप्पा त्यांच्या गावी वारले. एकोणतीस गाड्या झाल्या होत्या. चौदा गुजरीतल्या, पंधरा किशोरच्या. किशोरच्या पंधरा मी टेम्पोने कामरेजला नेऊन दिल्या. बांनी मला विचारलं नाही की भाई का आले नाहीत. त्यांनी न उघडलेली उरलेली तिन्ही खोकी कपाटात मागे सारली, गाड्या पुढे मांडल्या आणि मला चहा दिला.

पण मला आप्पा दिसतात ते दवाखान्याच्या फाटकाशी. रक्त देऊन उपयोग होईना, तेव्हा गावाला नेतो म्हणून सिंधूताईंनी सही केली होती. त्यांच्या भावाने भाड्याची अँबॅसिडर आणली होती, पांढरी. सकाळचे अकरा वाजले असतील. मी आणि मेव्हणा दोन्ही बाजूंनी धरून त्यांना आणलं, वजन काहीच नव्हतं. गाडीपाशी आले आणि थांबले. आम्हाला वाटलं दम लागला. त्यांनी हात वर केला, दार आणि मडगार्डमधल्या फटीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.

"फट मोठी शे," म्हणाले.

मागच्या सीटवर उशी लावून त्यांना टेकवलं. सिंधूताई डोळ्याला पदर लावून मला म्हणाल्या, "इतल्या मोटारी बनाड्यात भाऊ, बठनात आज पहिल्यांदा." सहा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सायकल, बस, रिक्षा. मोटारीत ते कधी बसलेच नव्हते. आप्पांनी टपाच्या कापडाकडे बघितलं, पुढच्या सीटच्या पाठीकडे बघितलं, थोडे खट्टू झाल्यासारखे वाटले.

"आत बसलं की समजतच नही," म्हणाले, "कोनती गाडी शे ती."

मग त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी वाकलो.

"कंपनीत काही बोलले का तुम्हाला?"

"नाही, आप्पा. कुणी काही बोललं नाही."

"नोकरी आहे ना?"

"आहे."

"मग झालं," आप्पा म्हणाले आणि मान मागे टेकवली.

मी दार लावलं. नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा उघडून लावलं. गाडी कडोदऱ्याच्या बाजूला वळली, आणि मी रस्ता ओलांडून सचिनची बस पकडली, कारण मला दुसरी पाळी होती.